विद्यापीठाच्या दारांत रॉक-संगीत

इ. स. १९६३ च्या डिसेंबर महिन्याच्या २७ तारखेस लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत एक लेख छापून आला. लेखावर लेखकाचें नांव नव्हतें. 'आमच्या संगीत-टीकाकाराकडून' एवढीच खूण होती. परंतु ते टीकाकार विल्यम मान हे होत, ही गोष्ट जाणत्यांस ठाऊक होती. एरवीं ऑपेरा आणि सिंफनी यांवर लिहिणाऱ्या या विद्वान् गृहस्थांनीं सरत्या वर्षांतील इंग्लंडचे सर्वांत उल्लेखनीय संगीतरचनाकार म्हणून जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या लिव्हरपूलच्या दोन तरुणांचीं नांवें घेतलीं. इतकेंच नव्हे, तर त्यांच्या एका गाण्याच्या शेवटाला 'एओलियन कॅडन्स' असें भारदस्त नांव देऊन त्याची तुलना माहलर या थोर रचनाकाराच्या एका विख्यात कृतीच्या अखेरीशीं केली. पुढें सतरा वर्षांनीं, १९८० सालीं, एका मुलाखतींत ही आठवण निघाली तेव्हां लेनननें सांगितलें कीं, हें एओलियन प्रकरण काय आहे तें आपणांस अद्यापिहि कळलेलें नाहीं. एखाद्या परदेशी पक्ष्याचें नांव असावें असें वाटतें.

ही गोष्ट सहसा पंडितांची फजिती म्हणून सांगण्यांत येते. मला ती तशी वाटत नाहीं. मान यांचे कान चोख होते. जें ऐकूं आलें तें त्यांनीं आपल्याजवळच्या शब्दांत सांगितलें. अडचण एवढीच होती कीं, ते शब्द दुसऱ्या संगीतासाठीं घडलेले होते. ज्या गाण्यांनीं एक सबंध पिढी वेडावून गेली होती त्यांच्याविषयीं गंभीरपणें बोलावयाचें तर कोणत्या भाषेंत बोलावें, हा प्रश्न त्या दिवशीं उघडा पडला; आणि तो सोडवावयास विद्यापीठांनीं पुढें पंचवीस-तीस वर्षें घेतलीं. श्रोतेहो, त्या खटाटोपाची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

विद्वानांनीं लोकप्रिय संगीताकडे त्यापूर्वीं पाहिलेंच नव्हतें असें नाहीं. योगायोग असा कीं, पहिली मोठी पाहणी रेडिओच्याच निमित्तानें झाली. १९३७ सालीं रॉकफेलर फाउंडेशनच्या द्रव्यसाहाय्यानें अमेरिकेंत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आश्रयाखालीं रेडिओच्या श्रोत्यांचा अभ्यास करणारी एक योजना सुरू झाली. पॉल लाझार्सफेल्ड हे तिचे प्रमुख. संगीताच्या विभागासाठीं त्यांनीं थिओडोर आडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञास १९३८ सालीं बोलावून घेतलें. हिटलरच्या राजवटीमुळें देशांतर करावें लागलेला हा पुरुष मोठा बुद्धिमान् आणि तितकाच कडक. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, लोकप्रिय गाणें म्हणजे कारखान्यांतला माल आहे; सांचा एकच, वरचा रंग तेवढा निराळा, आणि तो रंग पाहून 'ही निवड माझी' असें ऐकणाऱ्यास वाटतें यांतच त्या मालाची खुबी. हा आक्षेप पोरकट नव्हे. आज आपल्या खिशांतल्या यंत्रावर एकासारखें एक गाणें आपोआप येऊं लागलें म्हणजे आडोर्नोची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तथापि त्याच्या निबंधांत ऐकणारा माणूस स्वतः कोठेंच बोलत नाहीं. आणि हा माल कोणत्या गांवीं, कोणाच्या हातून, कोणत्या कायद्याच्या छायेंत तयार झाला, याची बारीक चौकशीहि नाहीं. तेथें निवाडा आहे, इतिहास नाहीं.

दुसरी अडचण कागदाची होती. युरोपांतील संगीतशास्त्र हें मुख्यतः स्वरलेखनावर उभें. बीथोवेनची सिंफनी म्हणजे त्यानें लिहून ठेवलेली संहिता. वादक आज एक, उद्यां दुसरा. रॉक-संगीतांत हा क्रम उलटा आहे. तेथें ध्वनिमुद्रिका हीच मूळ संहिता. गायकाच्या गळ्यांतली खर, विजेवर चालणाऱ्या गिटारचा फाटका नाद, खोलीचा घुमारा, ध्वनिमुद्रकानें एकावर एक चढविलेले आवाजांचे थर, यांतलें कांहींच पांच रेघांच्या कागदावर उतरत नाहीं. उतरतात ते तीन-चार साधे स्वरसमूह. आणि तेवढेच पाहून पंडित म्हणावयाचा, 'यांत आहे काय?' आपल्याकडील संगीतप्रेमी माणसास हें समजण्यास कठीण जाऊं नये. पंडित भातखंडे यांनीं घराण्यांच्या मुखीं असलेल्या शेंकडों चिजा लिपिबद्ध केल्या, १९२६ सालीं लखनौस संगीत-महाविद्यालय निघालें, आणि गाणें हा वर्गांत शिकविण्याजोगा विषय झाला. हे उपकार लहान नाहींत. तरी चीज कागदावर आली म्हणजे गाणें आलें असें नव्हे, हें पुस्तकावरून एखादी चीज गळ्यावर बसविण्याचा ज्यानें यत्न केला आहे त्यास सांगावयास नको. लिपींत जें मावतें तेवढेंच शास्त्र, असें एकदां ठरलें कीं न मावणारें हळूहळू कोणी ऐकेनासें होतें.

म्हणूनच कीं काय, रॉकच्या इतिहासाचें पहिलें भरीव काम संगीत-विभागांत झालें नाहीं. चार्ली जिलेट हा इंग्रज तरुण केंब्रिजला अर्थशास्त्र शिकून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत एम्. ए. साठीं गेला आणि तेथें त्यानें लोकप्रिय संगीताच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. तोच पुढें वाढून १९७० सालीं 'द साउंड ऑफ द सिटी' या नांवानें ग्रंथरूपास आला. जिलेटनें गायकांच्या प्रेमप्रकरणांची वही भरली नाहीं. १९५५ च्या आगेंमागें 'रॉक अँड रोल' या एकाच नांवाखालीं जें संगीत विकलें गेलें त्यांत पांच निरनिराळ्या जाती आहेत, हें त्यानें दाखवून दिलें. बिल हेलीसारख्या उत्तरेकडील वाद्यवृंदांची एक, न्यू ऑर्लिन्सच्या नृत्यगीतांची दुसरी, मेम्फिसची खेडवळ वळणाची तिसरी, शिकागोच्या कृष्णवर्णी वादकांची चौथी, आणि केवळ गळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या गायकमंडळांची पांचवी. प्रत्येकीचें वळण निराळें, आणि ती बाजारांत आणणारी कंपनी बहुधा लहान. कंपन्यांच्या या उलाढालींकडे इतक्या बारकाईनें पाहणें हें मला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचेंच काम वाटतें.

त्याच सुमारास ओहायो राज्यांतील बोलिंग ग्रीन विद्यापीठांत रे ब्राउन या इंग्रजीच्या प्राध्यापकांनीं १९६७ सालीं लोकप्रिय संस्कृतीस वाहिलेलें एक नियतकालिक काढलें, आणि १९७३ सालीं त्याच विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. नियतकालिक निघालें त्याच वर्षीं तेथील ग्रंथालयानें तबकड्यांचा संग्रह करण्यास आरंभ केला. हा उद्योग ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु जी वस्तु सहा महिन्यांत शिळी व्हावी याच हिशोबानें विकली जाते, ती जतन करावी असें कोणास वाटणार? आणि ती जतन झाली नाहीं तर इतिहास लिहावयाचा कशाच्या आधारावर? पुढें त्या संग्रहांत लाखों ध्वनिमुद्रिका जमल्या. विद्वत्तेचा पाया कित्येकदां अशा अडगळीच्या खोलींतच घातला जातो.

स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठास फिलिप टॅग यानें १९७९ सालीं जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता 'कोजॅक' या टेलिव्हिजन-मालिकेच्या आरंभीं वाजणारें पन्नास सेकंदांचें संगीत. पन्नास सेकंदांवर एक जाडजूड प्रबंध! पण क्षणभर विचार करावा. तें संगीत कोट्यवधि लोकांनीं आठवड्यामागून आठवडे ऐकलें. त्यांतील हॉर्न या वाद्याची एक उंच झेप कानीं पडतांच कोणी धाडसी पुरुष आतां पडद्यावर येणार, हें स्वरलेखनाचें अक्षरहि न जाणणाऱ्या माणसास नेमकें कळतें. मग कळतें तें कसें? मान यांच्याजवळ जी भाषा नव्हती तिची जुळवाजुळव येथें सुरू झाली. १९८१ सालीं ॲम्स्टरडॅम येथें परिषद भरून या विषयाच्या अभ्यासकांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याच वर्षीं केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें 'पॉप्युलर म्युझिक' हें नियतकालिक सुरू केलें. आणि १९८८ सालीं लिव्हरपूल विद्यापीठांत या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक डेव्हिड हॉर्न हे मूळचे ग्रंथपाल होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

आतां या सर्व खटाटोपांतून हातीं काय लागलें, तें एका उदाहरणानें सांगतों. १९५५ च्या जुलै महिन्यांत बिल हेलीचें 'रॉक अराउंड द क्लॉक' हें गाणें अमेरिकेंत विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं गेलें, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तेथील करमणुकीच्या संगीताचा सारा रंग पालटला. हें कां झालें? रूढ उत्तरें दोन. एक, एल्व्हिस प्रेस्लीसारखे प्रतिभावंत उदयास आले. दुसरें, महायुद्धानंतर जन्मलेलीं मुलें वयांत आलीं व त्यांनीं नवें संगीत मागितलें. रिचर्ड पीटरसन या नॅशविल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांतल्या समाजशास्त्रज्ञानें १९९० सालीं 'पॉप्युलर म्युझिक' मध्यें एक निबंध लिहून हीं दोन्हीं उत्तरें बाजूस सारलीं. युद्धानंतर जन्मलेलीं मुलें १९५५ सालीं नऊ वर्षांपलीकडे गेलेलीं नव्हतीं! आणि प्रतिभावंतांचें म्हणाल तर ते प्रत्येक काळीं असतात. दहा वर्षें आधीं त्यांस वाट कां मिळाली नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

पीटरसनचें उत्तर असें. १९४० च्या सुमारास अमेरिकेची हवा चार मोठ्या रेडिओ-जाळ्यांच्या ताब्यांत होती. साऱ्या देशानें तेच वाद्यवृंद आणि तींच गोड गाणीं ऐकावयाचीं. गाण्यांचे स्वामित्वहक्क 'ॲस्कॅप' या संघाच्या हातीं. १९४१ सालीं मोबदल्याच्या दरावरून संघ आणि रेडिओवाले यांचें भांडण विकोपास गेलें व संघाचीं गाणीं सुमारें दहा महिने बहुतेक केंद्रांवरून बंद पडलीं. रेडिओवाल्यांनीं १९३९ सालींच 'बी. एम्. आय.' ही आपली निराळी संस्था काढून ठेवली होती. तिनें जुन्या संघानें दारांत उभें न केलेल्या लोकांस जवळ केलें, आणि हे लोक म्हणजे बहुतांशीं कृष्णवर्णी व खेडवळ गीतकार होते. पुढें युद्ध संपल्यावर सरकारनें नव्या केंद्रांस सढळ हातानें परवाने दिले आणि १९४९ पर्यंत केंद्रांची संख्या दुपटीहून अधिक झाली. तोंच टेलिव्हिजन आला. जाहिरातदार आणि मोठे कार्यक्रम तिकडे गेले, आणि गांवोगांवच्या लहान केंद्रांजवळ वाद्यवृंद ठेवण्यास पैसा उरला नाहीं. त्यांनीं काय करावें? तबकड्या वाजवाव्या.

परंतु तबकड्या पोंचाव्या कशा? जुनी तबकडी शेलॅकची, म्हणजे आपल्याच देशांतील रानांतून गोळा होऊन गेलेल्या लाखेची. जड आणि पडली कीं फुटणारी. ती देशभर पोंचविण्याचें सामर्थ्य मोठ्या कंपन्यांतच होतें. १९४९ सालीं मिनिटास पंचेचाळीस फेरे घेणारी सात इंचांची हलकी, चिवट तबकडी निघाली, आणि ती साध्या टपालानें धाडतां येऊं लागली. आतां एका खोलींत बसून धंदा करणारा मनुष्यहि शेंकडों केंद्रांस आपलें गाणें पाठवूं शकला. १९५४ च्या अखेरीस खिशांत मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारांत आला, आणि वडिलांच्या दिवाणखान्यांतल्या पेटीवरची मुलांची भिस्त सुटली. या साऱ्या धाग्यांपैकीं एकहि धागा कोणा संगीतकारानें काढलेला नव्हता. ते १९५५ च्या सुमारास एकत्र विणले गेले इतकेंच.

हा निबंध मला फार आवडतो, तरी त्यावर सर्वस्वी विसंबणें बरें नव्हे. परवान्यानें रस्ता मोकळा होतो. रस्त्यानें कोण चालत आलें, आणि चालणाऱ्याचें काय झालें, हें परवान्यांत लिहिलेलें नसतें. त्याच १९५५ सालीं चक बेरी या कृष्णवर्णी गायक-वादकाचें 'मेबेलीन' हें गाणें शिकागोच्या चेस कंपनीनें काढलें. गाणें बेरीचें, पण कर्ते म्हणून तबकडीच्या कागदपत्रांत आणखी दोन नांवें आलीं, आणि त्यांतलें एक ॲलन फ्रीड या रेडिओवरील विख्यात निवेदकाचें होतें. गाणें वाजविणाराच गाण्याचा कर्ता झाला! उत्पन्नाचा वांटाहि अर्थात् त्याबरोबर गेला. हें गाणें पूर्णपणें बेरीच्या एकट्याच्या नांवावर परत यावयास १९८६ साल उजाडलें. लहान केंद्रें, लहान कंपन्या आणि हलकी तबकडी यांनीं बेरीस वाट करून दिली हें जितकें खरें, तितकेंच त्या वाटेवर जकातदार बसले होते हेंहि खरें. विद्यार्थ्यानें दोन्हीं वाचावें.

लिव्हरपूलच्याच दुसऱ्या एका विद्यापीठानें, म्हणजे लिव्हरपूल होपनें, २००९ सालीं बीटल्स या विषयावर एम्. ए. ची पदवी ठेवली तेव्हां वृत्तपत्रांस थट्टेला चांगलेंच साधन मिळालें. थट्टेंत मला रस नाहीं. शेक्सपियरवर पदवी घेणाऱ्यास कोणी हसत नाहीं, आणि त्याचेंहि नाटक एके काळीं आठवड्याची करमणूकच होती. माझी शंका निराळी आहे. एखादें संगीत विद्यापीठांत शिरलें कीं त्याची एक वंशावळ तयार होते, आणि वंशावळींत चार थोर पुरुष आले म्हणजे बाकीचे हजारों बाहेर राहतात. ही शंका या क्षेत्रांतील सुज्ञांस आधींच आलेली होती. रूथ फिनेगन या विदुषीनें मिल्टन कीन्स या नव्या वसलेल्या इंग्रजी गांवांत घरोघर, चर्चोचर्चीं आणि दारूच्या गुत्त्यांत हिंडून हौशी गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची पाहणी केली; तिचा 'द हिडन म्युझिशियन्स' हा ग्रंथ १९८९ चा. त्यांत चर्चची गायनमंडळी, पितळी वाद्यांचे ताफे आणि पोरांचीं रॉक-मंडळें एकाच पंक्तीस बसविलीं आहेत. सारा कोहेन हिनें लिव्हरपूलमधील प्रसिद्धि न पावलेल्या तरुण मंडळांत राहून १९९१ सालीं पुस्तक लिहिलें. बीटल्सच्या गांवीं, बीटल्स न झालेल्यांचा अभ्यास! असे ग्रंथ वाचले म्हणजे हा विषय विद्यापीठांत आला तें बरें झालें असें वाटतें.

आपला या साऱ्याशीं संबंध काय, असा प्रश्न मनांत आला असेल. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत झांझिबारहून शिकावयास आलेला फरोख बलसारा नांवाचा एक पारशी मुलगा होता. त्यानें आणि त्याच्या सोबत्यांनीं १९५८ सालीं 'द हेक्टिक्स' नांवाचें रॉक-मंडळ काढलें; तोच पुढें इंग्लंडांत फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजला. हेलीच्या त्या गाण्यास तेव्हां पुरतीं तीन-चार वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. एवढ्यांत तो ठेका सह्याद्रीच्या माथ्यावर कोणत्या वाटेनें चढला? जिलेट किंवा पीटरसन येथें असते तर त्यांनीं मुलाच्या प्रतिभेआधीं रेडिओ आणि तबकड्या यांची चौकशी केली असती. ती केली तर एक मोठीच गोष्ट समोर येते. १९५२ सालीं डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी-मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. अभिजात संगीत घरोघर पोंचावें हा त्यांचा हेतु होता आणि तो कांहीं अंशीं सफलहि झाला. पण लाखों श्रोत्यांनीं कांटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. तेथें हिंदी गाणीं होतीं, आणि इंग्रजी लोकप्रिय संगीतहि होतें. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत 'विविध भारती' सुरू करावी लागली. एका मंत्र्याच्या निर्णयानें एका सबंध पिढीचे कान घडले. फक्त त्याच्या मनांत होतें त्याहून निराळ्या रीतीनें.

आणि ज्या चित्रपटगीतांसाठीं कांटा फिरला तीं वाजविलीं कोणीं? न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनीं मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणगृहांतील वृद्ध वादकांस गांठून, त्यांच्या तोंडून ऐकून, 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ २००८ सालीं प्रसिद्ध केला. संगीत-दिग्दर्शकानें चाल द्यावी, आणि ती साठ-सत्तर वाद्यांत वांटून, कोणत्या वाद्यानें कोठें काय वाजवावें तें लिहून काढण्याचें काम 'अरेंजर' म्हणविणाऱ्या मनुष्यानें करावें, अशी तेव्हांची रीत होती. हे अरेंजर पुष्कळसे गोमंतकांतले ख्रिस्ती. गोव्यांतील चर्चच्या शाळांत लहानपणींच त्यांस पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्या-लिहिण्याची संवय लागलेली असे. ज्या गाण्यांवर आपल्या घरांत तीन पिढ्या वाढल्या त्यांतील व्हायोलिनांच्या लाटा बहुशः यांच्या हातच्या. पण पडद्यावर नांव आलेंच तर साहाय्यक म्हणून. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, हीं नांवें किती घरांत माहीत आहेत?

त्यांतलेंच एक नांव मात्र घरोघर माहीत आहे. गोव्यांतील माजोर्डा गांवचे ॲंथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. मुंबईच्या वादकांस घेऊन, भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना त्यांनीं १९५८ सालीं सादर केल्या. पुढें ते अमेरिकेस गेले. १९७७ सालीं 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला, आणि प्यारेलालांच्या गुरुभक्तीमुळें त्यांतील एका गाण्यांत हें नांव गोंवलें गेलें. गोन्साल्विस २०१२ सालीं वारले. त्यांचें नांव कोट्यवधि लोकांच्या ओठीं होतें, पण तें अंड्यांतून बाहेर येऊन नाचणाऱ्या एका विनोदी पात्राचें म्हणून. हातीं व्हायोलिन घेतलेला माणूस त्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक होता.